बेटावरची गायिका

मुलगी बंगळूरला नोकरीला लागली, त्या वर्षी दिवाळीला आली आणि जाताना माझ्या फोनमध्ये गाण्यांचं एक अ‍ॅप टाकून गेली. म्हणाली, "आई, तू वर्षानुवर्षं तीच तीच गाणी ऐकतेस. हे तुला ओळखेल आणि तुला आवडेल असं नवीन नवीन काढून देईल."

मी रत्नागिरीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत लोकांचं रक्त काढायचं, मग त्याच्या तपासण्या करायच्या. मूळची मी कराडकडची, लग्न होऊन इथे आले त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. त्यातली पंचवीस वर्षं नवरा बोटीवर, इंजिनरूममध्ये. वर्षातले आठ-नऊ महिने तो पाण्यावर आणि मी लॅबमधल्या रेडिओपाशी. आता तो कायमचा घरी आलाय, पण इंजिनाच्या घरघरीने त्याचा डावा कान पार गेलाय. त्यामुळे नवऱ्याने मला पुरतं ओळखलं असं काही म्हणता येणार नाही. म्हटलं, बघू या, यंत्राला तरी जमतंय का.

यंत्राने मनापासून प्रयत्न केला. पण फोन माझा असला तरी घरात एकटी मी नव्हते. पहाटे नवरा त्यावर अभंग लावायचा. शेजारची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती, तिचं बाळ रडायचं थांबेना म्हणून एकदा दोन तास पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज लावला होता. आणि साखर वाढली म्हणून मी स्वतः आठ दिवस, फक्त आठ दिवस, व्यायामाची गाणी लावून चालायला गेले होते. महिन्याभरात 'खास तुमच्यासाठी' अशी यादी आली. आधी अभंग, मग पाऊस, मग ढाण ढाण वाजणारं पंजाबी गाणं, की पुन्हा अभंग. यंत्राच्या मते मी एक भाविक, व्यायामाची आवड असलेलं तान्हं बाळ होते.

त्याच सुमारास मला श्रवणमंडळाचं बोलावणं आलं. आमच्या लॅबच्या वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टर बाई आहेत, मुंबईच्या, नवऱ्याच्या बदलीमुळे इथे आल्या आणि राहिल्या. खाली आल्या की माझा रेडिओ ऐकत उभ्या राहायच्या. एक दिवस म्हणाल्या, "तुम्हाला कान आहे. आमच्या मंडळात या." दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चार वाजता थिबा पॅलेसच्या बाजूला एका निवृत्त प्राध्यापकांकडे सात-आठ जण जमत. प्राध्यापक पुण्याचे. भौतिकशास्त्र शिकवायचे. इथली हवा चांगली म्हणून निवृत्तीनंतर रत्नागिरीत घर घेतलं होतं आणि दमट हवेने स्पीकर खराब होतात म्हणून त्याच हवेला रोज नावं ठेवायचे. बाकीचेही बहुतेक बाहेरून येऊन इथे स्थिरावलेले. इथलाच जन्म म्हणावा असे एकच, एक आंबा बागायतदार काका. ते पोह्यांसाठी येत आणि तसं कबूलही करत.

मंडळाचे नियम कडक होते. प्रत्येकाने एक गाणं आणायचं, आणि ते इतर कुणीही कधीच ऐकलेलं नसलं पाहिजे. गाणं संपल्यावर एक मिनिट बोलायचं नाही. मग प्राध्यापक बोलणार. मग त्यांना दुजोरा देणारे बोलणार.

पहिल्या रविवारी मी रेडिओवर ऐकलेलं, माझ्या अतिशय आवडीचं एक भावगीत घेऊन गेले. दुसरी ओळ सुरू व्हायच्या आतच प्राध्यापकांनी हात वर केला. "हे झालंय आमचं ऐकून," ते म्हणाले. कालची भाजी परत वाढल्यावर पाहुणा ज्या सुरात 'नको' म्हणतो, तोच सूर. डॉक्टर बाईंनी माझ्या हातावर थोपटलं. बागायतदार काका म्हणाले, "मला आवडतं हे. पुढं चालू द्या की." पण नियम म्हणजे नियम. त्यांच्यासमोर पोह्यांची बशी सरकवण्यात आली.

घरी येताना मला रडू येत होतं. बावन्नाव्या वर्षी मला कुणीतरी नापास केलं होतं, आणि तेही गाण्यात.

मग मी पेटले. दुपारी लॅबमधून आले की जेवायच्या आधी फोन हातात. मंडळातले सगळेच तसे पेटलेले होते म्हणा. एकाने बर्फाळ प्रदेशातल्या धनगरांची आरोळी आणली, दुसऱ्याने वाळवंटातलं एका तारेचं वाद्य, तिसऱ्याने तर दगडावर दगड. महिनाभर सगळे शोधायचे, रविवारी तीन मिनिटं ऐकायचे आणि सोमवारपासून पुन्हा शोधायचे. शोधण्यात इतका वेळ जायचा की ऐकायला उरायचा नाही. मागच्या महिन्यातलं गाणं कुणी पुन्हा लावलं असं मी तरी कधी पाहिलं नाही. ते एव्हाना जुनं झालेलं असायचं.

मुलीला फोनवर हे सांगितलं, तेव्हा तिने मला एक दुसरंच पान पाठवलं. उघडलं की पडद्यावर पृथ्वीचा गोल. बोटाने फिरवायचा. त्यावर हिरवे ठिपके, प्रत्येक ठिपका म्हणजे एक रेडिओ स्टेशन. ठिपक्यावर बोट ठेवलं की तिथे या क्षणाला जे वाजत असेल ते ऐकू येतं. मला ते इतकं आवडलं की पहिल्या दिवशी आमटी करपली.

नवऱ्याला या गोलात भलताच रस निर्माण झाला. गाण्यात नाही, ठिपक्यांत. मी एखाद्या बंदरावर बोट ठेवलं की तो चष्मा लावून वाकायचा. "इथे आम्ही अकरा दिवस अडकलो होतो. क्रेन मोडलेली."

"गाणी कशी असतात हो तिथली?"

"गाण्यांचं माहीत नाही. कांदे चांगले मिळतात."

दुसऱ्या बंदराला पाणी महाग होतं, तिसऱ्याला न्हावी चांगला होता. जग तीनदा फिरून आलेल्या माणसाकडून मला एकाही देशाचं एक गाणं मिळालं नाही.

आणि मग जानेवारीतल्या एका दुपारी ते घडलं. आफ्रिकेच्या पूर्वेला समुद्रात काही बारीक बेटं आहेत. त्यातल्या एका बेटावर एकच ठिपका होता. मी बोट ठेवलं. चक्र बराच वेळ गरगर फिरत राहिलं आणि मग एकदम एका बाईचा आवाज आला. घोगरा, फाटलेला, खोल. शब्द कळत नव्हते, खरखर खूप होती. आवाज वर चढायचा, मध्येच तुटायचा, पुन्हा धरायचा. खाली कसला तरी ठोका होता. धप्प. धप्प धप्प. मग बराच वेळ काहीच नाही. मग धप्प. आणि मधूनच मागून दुसरी एक बाई दबक्या आवाजात तिला काहीतरी उत्तर देत होती.

माझ्या अंगावर काटा आला. हे मी मंडळासाठी म्हणून सांगत नाही, खरंच आला. मी धावत जाऊन नवऱ्याचा फोन आणला, माझ्या फोनशेजारी धरला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. चाळीस सेकंद मिळाली. तेवढ्यात नेट गेलं.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मी ती चाळीस सेकंद लावली. नियमाप्रमाणे एक मिनिट शांतता होती, पण ती दोन मिनिटं टिकली. डॉक्टर बाई डोळे पुसत होत्या. "समुद्रात बुडालेल्या माणसासाठी गातेय ती," त्या म्हणाल्या. "मला एक शब्द कळला नाही, पण कळलं."

प्राध्यापकांनी पुन्हा लावायला सांगितलं. मंडळाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं. डोळे मिटून, बोटांनी खुर्चीच्या हातावर मोजत ते म्हणाले, "ठोका ऐका. साधा नाही. पहिल्यांदा एक, मग दोन, मग मोठा खंड. आपल्याकडे असा ताल नाही. लाकडी ढोल असणार, माणसाएवढा. आणि आवाज लावण्याची पद्धत बघा. गळा मुद्दाम घासून. पिढ्यान् पिढ्यांची तालीम असल्याशिवाय हे येत नाही. मागचा आवाज ऐकलात? सवाल-जवाब आहे तो, पूर्वजांशी."

"मला आपलं वाटतं," बागायतदार काका म्हणाले, "आमच्याकडे वाडीत बाया..."

"काका, पोहे घ्या ना," तिघे एकदम म्हणाले.

मग प्राध्यापकांनी त्यांचा फोन काढला. त्यात गाणं ऐकून त्याचं नाव सांगणारं अ‍ॅप होतं. पडद्यावरचं वर्तुळ थरथरत राहिलं, दोनदा ऐकलं, तीनदा ऐकलं आणि शेवटी कबूल केलं की असं काही त्याला सापडत नाही. मंडळाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला खरं तर बंदी होती. पण जे यंत्रालाही सापडत नाही ते मला सापडलं होतं. त्या दिवशी मी घरी चालत गेले नाही, तरंगत गेले.

पुढच्या आठ दिवसांत गोष्ट माझ्या हाताबाहेर गेली. प्राध्यापकांनी वाचनालयाचं सभागृह मिळवलं. जाहीर कार्यक्रम ठरला, 'हिंदी महासागराचे लोकसूर'. फलक छापला. त्यावर नारळाची झाडं होती, नाव होती आणि खाली 'शोधकर्ती' म्हणून माझं नाव. मी वीस मिनिटं बोलायचं ठरलं.

वीस मिनिटं बोलायला चाळीस सेकंद पुरणार नाहीत, एवढं मला कळत होतं. निदान त्या गायिकेचं नाव तरी हवं. म्हणून मी रोज दुपारी त्याच वेळी तो गोल उघडून त्याच ठिपक्यावर बोट ठेवून बसायला लागले. तीन दिवस भलतंच काहीबाही वाजलं, वाद्यं, घंटा. चौथ्या दिवशी, कार्यक्रमाला पाच दिवस उरले असताना, तोच आवाज लागला. या वेळी नेट गेलं नाही. गाणं संपलं, आणि एक पुरुष स्वच्छ मराठीत म्हणाला, "हे होतं आपल्या तालुक्यातलं गाणं. आता ऐकू या, काजूवरील ढेकण्या आणि त्याचा बंदोबस्त."

मी फोन खाली ठेवला. पुन्हा उचलला. पडद्यावर बेट तसंच होतं, समुद्र तसाच निळा होता, आणि आतला माणूस सांगत होता की काजूला पालवी फुटताना पहिली फवारणी करावी.

मुलीला फोन केला. तिने तिकडे तेच पान उघडून पाहिलं आणि हसत सुटली. "अगं आई, तू निवडलेलं स्टेशन बंद असेल ना, तर ते आपोआप तुझ्या जवळचं चालू स्टेशन लावतं. खाली बारीक अक्षरात लिहिलंय बघ."

बारीक अक्षरात लिहिलं होतं, देवरूख.

देवरूखच्या काही शिक्षकांनी मिळून इंटरनेटवर चालवलेला तो रेडिओ होता. ढेकण्याची माहिती संपल्यावर त्यांनी फोन नंबर सांगितला, मी लावला. पलीकडचा माणूस भारावून गेला. रत्नागिरीहून कुणी ऐकतं हे त्याला नवीन होतं. गाणाऱ्या बाई देवरूखच्या पुढे डोंगरातल्या एका वाडीत राहतात म्हणाला. रस्ता सांगितला. फोन ठेवताना म्हणाला, "ताई, तुम्हाला आमचा कार्यक्रम कसा काय सापडला?" मी म्हटलं, "शोधत शोधत." आफ्रिकेमार्गे आले हे सांगायचा धीर झाला नाही.

शनिवारी लॅब अर्धा दिवस. जेवून आम्ही दोघं गाडी काढून निघालो. वाटेत मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो उजवा कान माझ्याकडे करून गाडी चालवत होता. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, "म्हणजे पासपोर्ट लागला नाही, बरं झालं."

बाई खळ्यात कुळीथ पाखडत बसल्या होत्या. वय साठ-पासष्ट, काटक, कपाळावर पदर ओढलेला. शेजारी त्यांच्याच वयाची दुसरी एक बाई सुपात खडे वेचत होती. मी नमस्कार करून म्हटलं, "तुमचं गाणं रेडिओवर ऐकलं. भेटायला आलो."

"एवढ्यासाटी आलाव?" त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे निरखून बघत राहिल्या. "तुमी रक्ताच्या बाई ना?"

"तुम्ही कशा ओळखता मला?"

"मागच्या वर्षी मी आलेली तुमच्याकडं, ताप जाईना तवा. तुमच्याकडं रेडिओ लागलेला. मी वायच संगं संगं म्हनाया लागले, तर तुमी बोललाव, गप्प ऱ्हावा, हात हलतो."

असं मी दिवसातून चाळीस जणांना म्हणते. हे वाक्य मी म्हणते याची मला आठवणही राहत नाही. माझ्यापासून वीतभर अंतरावर तो आवाज सुरू झाला होता, मी तो स्वतः बंद केला होता, आणि मग वर्षभराने बेटाबेटांवर शोधत फिरले होते. "चुकलं माझं," एवढंच म्हटलं.

"चुकलं कसलं? सुई घुसलेली व्हती," त्या म्हणाल्या आणि आम्हाला बसायला घोंगडी टाकली.

मी चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग लावलं. दोघी कान देऊन ऐकत होत्या आणि मध्येच एकमेकींकडे बघून फिसकन हसल्या.

"तुमचा आवाज किती वेगळा लागलाय यात," मी म्हटलं. "असा गळा लावायला कुणी शिकवलं?"

"पडसं झालेलं," त्या म्हणाल्या. "भाताच्या लावनीत भिजलेले. मी त्या मास्तरांना बोलले, आठ दिवसांनी या, गळा बसलाय. तर बोलले, नाय, रेकॉर्डिंगची मशीन परत द्यायची हाय."

"आणि हा ठोका? ढोल कुणी वाजवला?"

"कनचा ढोल?" त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं, ऐकलं आणि पडवीच्या पलीकडे बोट दाखवलं. "म्हस हाय ती. माश्या चावत व्हत्या, पाय आपटत व्हती."

म्हशीने आमच्याकडे पाहिलं. नवऱ्याला हसू आवरेना, तो उठून तिच्याकडे बघायला गेला.

मी अजून आशा सोडली नव्हती. "पण गाणं तरी जुनं असेल ना? तुमच्या आईकडून आलेलं?"

"जुनं कुटलं? मीच केलंय. हिच्या कोंबड्यांनी माझी सगळी वांग्याची रोपं खाल्ली, तवाचं हाय." शेजारची बाई खडे वेचता वेचता थांबली. "दोन म्हयने बोलत नव्हतो आमी. मास्तर आले तवा ही हितंच बसलेली. मी मुद्दाम तेच म्हनलं. मागनं ही बोलतेय ऐका, गप बस गो, मशीन चालू हाय."

"मंग?" शेजारीण म्हणाली. "सगळ्या तालुक्यात माझ्या कोंबड्या काडल्यान."

पूर्वजांशी चाललेला सवाल-जवाब तो एवढा होता.

मग त्यांनी ते गाणं बसल्या बसल्या पूर्ण म्हणून दाखवलं. पडसं नव्हतं, म्हैस शांत होती, शब्द स्वच्छ कळत होते. अतिशय खट्याळ गाणं होतं. एकेका कोंबडीला तिच्या चालण्यावरून टोपणनाव ठेवलं होतं आणि शेवटच्या कडव्यात त्या सगळ्या पंगतीला बसून वांग्याचं भरीत मागत होत्या. शेजारीण मध्ये मध्ये तोंड घालत होती, पण आता ते ठरलेल्या जागी. मी पोट धरून हसले. इतक्या महिन्यांत एखादं गाणं मी शेवटपर्यंत ऐकलं असेल तर ते हेच.

"तुम्ही स्वतः काय ऐकता?" मी विचारलं.

त्यांनी कनवटीचा फोन काढला. मुलगा आणि सून लोट्याला कंपनीत, शिफ्टमध्ये. मुलाचा जुना फोन यांच्याकडे आलेला. लिहिता-वाचता येत नाही, म्हणून चित्र बघून दाबतात. असं दाबता दाबता त्यांना मोठाल्या टोप्या घातलेले, कर्णे वाजवणारे गवई सापडले होते. मेक्सिकोचे असावेत. त्यांना देशाचं नाव माहीत नव्हतं, त्या त्यांना 'टोपीवाले' म्हणत.

"ह्यो बगा," फोनवर गाणं लावून त्या म्हणाल्या. "ह्यो लय रडतोय. पन ह्याला कोन सोडून गेलेलं नाय, उगाच रडतोय, लोकांनी बगावं म्हनून. तो कडंचा हाय ना, गप असतो आनि दोनच ओळी म्हनतो, तो खरा." त्यांनी गाणं मागे नेऊन त्या दोन ओळी मला पुन्हा ऐकवल्या. खरंच होतं. तो कडेचा खरा होता. मंडळात बसून मला हे कळलं नसतं.

नवरा म्हशीकडून परत आला, पडद्याकडे बघून म्हणाला, "इथे गेलोय मी. दोनदा."

"टोप्या खऱ्याच एवड्या मोट्या असतात?" बाईंनी विचारलं.

पंचवीस वर्षांत त्याला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तो खाली बसला आणि तासभर बोलत राहिला. बंदराजवळच्या चौकात हे लोक उभे असतात, पैसे दिले की गातात, त्याच्या एका मित्राने घरची आठवण आली म्हणून तीन गाणी म्हणायला लावली होती, आणि सगळी बोट रडली होती. हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. मी कांद्यांवर थांबले होते.

निघताना मी बाईंना कार्यक्रमाला यायचं आमंत्रण दिलं. त्यांनी कुळथाकडे बघितलं. "हे कोन करनार? तुमी सांगा तिकडं, असं असं हाय म्हनून." त्यांनी पायलीभर कुळीथ मात्र बांधून दिले.

रविवारी सकाळी मी प्राध्यापकांना जाऊन सगळं सांगितलं. ते बराच वेळ स्पीकरच्या जाळीवरची बुरशी फडक्याने पुसत राहिले. मग म्हणाले, "तसं बघितलं तर देवरूखचं पाणी शेवटी समुद्रालाच मिळतं. हिंदी महासागर चालेल. फलक बदलायची गरज नाही."

"पण सर, म्हैस..."

"म्हशीचा उल्लेख टाळता येईल."

मला टाळता आला नाही. संध्याकाळी सभागृहात साठेक माणसं होती. मी आधी ती चाळीस सेकंद लावली. सगळे गंभीर होऊन ऐकत होते, पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी डोळे मिटले होते. मग मी बेटापासून वांग्याच्या रोपांपर्यंत सगळं सांगितलं, गाणाऱ्या बाईंना मी लॅबमध्ये गप्प केलं होतं तेही सांगितलं. मग बाईंच्या खळ्यात रेकॉर्ड केलेलं पूर्ण गाणं लावलं. मागच्या रांगांतून हशा उसळला. बागायतदार काका उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि शेजाऱ्यांना सांगत होते, "मी म्हटलं होतं. मला पोहे दिले."

चहाच्या वेळी डॉक्टर बाई माझ्याजवळ आल्या. "छान बोललात," त्या म्हणाल्या, "पण खरं सांगू? आता तेवढं भिडत नाही हो ते गाणं." बिचाऱ्या प्रामाणिक होत्या. प्राध्यापक एका घोळक्यात सांगत होते की ठोक्यात काहीतरी सजीव आहे, हे त्यांना पहिल्याच दिवशी जाणवलं होतं. आणि डोळे मिटून बसलेले ते गृहस्थ माझ्याकडे येऊन अदबीने म्हणाले, "कार्यक्रम उत्तम. फक्त एक विचारायचं होतं. ते आफ्रिकेचं कधी लावणार?"

श्रवणमंडळ आता वेगळ्या वाटेने चाललंय. त्यांना तालुक्यांचं वेड लागलंय. मार्चच्या रविवारी एकाने गुहागरकडचा एक नाखवा आणला, दुसऱ्याने मिरजोळ्यातल्या कारखान्याच्या दारावरचा गाणारा रखवालदार. आपल्या मातीतलं, ऐकून कुणाला ठाऊक नाही असं, हा नवा नियम. एक मिनिट शांतता कायम आहे. मी दोनदा गेले, मग सोडलं. बागायतदार काकांनीही सोडलं, पोह्यांच्या जागी बिस्किटं आली म्हणाले.

मी लॅबमध्ये एक बदल केला. रक्त काढताना 'गप्प राहा' म्हणायचं सोडलं, 'हात हलवू नका' म्हणते. त्याने फार काही क्रांती झालेली नाही. लोक गात नाहीत, डॉक्टरांची तक्रार करतात. पण एकदा लांज्याच्या एका आजोबांनी रेडिओवरच्या गाण्याचा अंतरा पूर्ण म्हटला आणि नळी भरली तरी थांबले नाहीत. मी सुई काढून बोळा लावून उभी राहिले.

मधल्या काळात वाडीतल्या बाईंचे फोन सुरू झाले. त्यांनी माझा नंबर फोटो लावून घेतलाय, त्यावर दाबतात. परवा सकाळी साडेनऊला, बाहेर बाकावर आठ उपाशी माणसं बसलेली असताना फोन आला.

"ओ बाई, रेडिओ लावा, रेडिओ लावा! एक बाई म्हनतेय, लय गोड."

हातात हातमोजे होते म्हणून मी कोपराने रेडिओचा आवाज वाढवला. गाणं संपून गेलं होतं. निवेदिका तापमान सांगत होती.

"गेलं हो," मी म्हटलं. "कुणाचं होतं?"

"नाव नाय ऐकलं. थांबा, चाल सांगते." आणि त्यांनी फोनवर गुणगुणायला सुरुवात केली. मध्येच अडल्या, "नाय, असं नाय," म्हणाल्या, पुन्हा पहिल्यापासून धरली. समोरच्या खुर्चीत बाही वर करून बसलेले गृहस्थ माझ्याकडे बघत होते.

"एक मिनिट हं," मी त्यांना म्हटलं, आणि फोन स्पीकरवर टाकला.